आश्रिताची जबाबदारी : असीरगडापासून डब्लिनपर्यंत

आश्रयाला आलेल्या माणसाचं काय करायचं हे ठरवण्याआधी, ते कुणी ठरवायचं यावरच जास्त भांडणं झाली आहेत. या भांडणाची जुनी मुळं बघायची तर बुऱ्हाणपूरला यावं. उत्तरेत हरलेला माणूस नर्मदा ओलांडून सातपुडा उतरला की तापीकाठचं हे शहर समोर येई. आश्रय कुणाकडे मागायचा हे बरेचदा वाटच ठरवून टाकी.

माळव्याचा बाजबहादूर अकबराच्या फौजेपुढून पळाला तो खानदेशच्या मुबारकशहा फारुकीकडे. 1562 मध्ये पीर मुहम्मद खान त्याच्या मागावर बुऱ्हाणपुरात घुसला. शहर लुटलं, कत्तल केली. पुढे फारुकी, बाजबहादूर आणि वऱ्हाडचा तुफालखान एकत्र आले, आणि माघार घेताना पीर मुहम्मद नर्मदेत बुडाला. पण आश्रयाची किंमत त्याआधीच शहरानं मोजली होती, आणि शहराला कुणी विचारलंही नव्हतं.

खरा पेच पडला तो नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या वेळी. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी त्यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केलं. मे 1818 मध्ये वाटेतच, शिपायाचा वेश करून, ते निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंड जमीनदारांनी त्यांना सांभाळलं. तिथंही पाठलाग झाला तेव्हा 1819 च्या सुरुवातीला ते बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाकडे आले. किल्लेदार यशवंतराव लाड यानं त्यांना आत घेतलं. बरोबरच्या चितू पेंढाऱ्याला मात्र दार उघडलं नाही. तो पुढे जंगलात वाघाच्या तोंडी गेला.

आता जबाबदार कोण? किल्ला दौलतराव शिंद्यांचा. नोव्हेंबर 1817 च्या तहात लढाईपुरता तो इंग्रजांच्या ताब्यात द्यायचं शिंद्यांनी कबूल केलं होतं, पण किल्लेदार तो सोडत नव्हता. धनी तहाला बांधलेला, किल्लेदार आश्रिताला, आणि मधल्या मधे अप्पासाहेब. मार्चमध्ये इंग्रज सेनानी डोव्हटन आणि माल्कम यांनी वेढा घातला. आधी पेठ पडली. मग इंग्रजांच्याच दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्यांचे बरेच शिपाई मेले. 9 एप्रिलला किल्ला खाली झाला. अप्पासाहेब हाती लागले नाहीत. हाती लागलं ते शिंद्यांचं एक पत्र, पेशवे सांगतील तसं वाग असं किल्लेदाराला बजावणारं. त्यापायी असीरगड शिंद्यांच्या हातून कायमचा गेला.

अप्पासाहेब पुढे पंजाबात रणजितसिंहाकडे, तिथून डोंगरातल्या मंडीत आणि शेवटी जोधपूरला पोचले. इंग्रजांनी ताबा मागितला. महाराजा मानसिंहानं आश्रिताला देणार नाही म्हणून सांगितलं. अखेर इंग्रजांनी त्यांना तिथंच राहू दिलं आणि त्यांची जबाबदारी मानसिंहावर टाकली. या सगळ्या कहाणीत शहाणपणाचा निवाडा एवढाच. ज्यानं मनापासून ठेवून घेतलं, त्यानंच हमीही द्यायची. 1840 मध्ये जोधपूरच्या महामंदिरात अप्पासाहेब वारले.

युरोपनं हाच पेच 1990 च्या डब्लिन करारानं सोडवायला घेतला. एकाच माणसानं देशोदेशी अर्ज करू नयेत आणि कुठल्याच देशानं त्याला पुढे ढकलू नये, हा हेतू चांगला होता. जवळचे नातलग कुठे आहेत, व्हिसा कुणी दिला हे आधी बघायचं. त्यानं सुटलं नाही तर बेकायदा पहिलं पाऊल पडलं तो देश जबाबदार. बोटांचे ठसे युरोडॅक या नोंदवहीत तपासतात. व्यवहारात भार ग्रीस, इटली अशा वेशीवरच्या देशांवर आला. 2011 मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं एका अफगाण माणसाच्या खटल्यात बेल्जियमलाही दोषी धरलं. ग्रीसमधले हाल ठाऊक असताना त्याला तिकडे परत पाठवलं, म्हणून.

2024 च्या नव्या कायद्यातही पहिल्या प्रवेशाचा निकष कायम आहे. इतर देशांनी मदत करायची आहे, पण माणसं घ्यायची नसतील तर माणशी 20,000 युरो भरूनही चालतं. हे मला पटत नाही. वेशीवर घर आहे एवढ्यासाठी सगळा भार एकाच्या गळ्यात टाकणं 1562 मध्ये अन्याय होता, आजही अन्यायच आहे.