स्वाक्षरीला साक्ष कोणाची?

सही हे इतिहासाचे साधन. आणि साधन म्हटले की पारख आलीच. अमेरिकेत बेसबॉलच्या सामन्याआधी मुले कठड्याशी उभी राहून चेंडू पुढे करीत, आणि बेब रूथ हौसेने सही करी. रूथ १९४८ साली वारला. त्याच्या सह्या मात्र निघतच राहिल्या! १९९९ साली एफ. बी. आय. ने बनावट सह्यांच्या टोळीवर छापे घातले, तेव्हा मदर तेरेसांच्या सहीचे चेंडूही सापडले. २००१ पासून मेजर लीगने सही होताना पाहणारे साक्षीदारच नेमले. कठड्याशी उभा असलेला मुलगाही साक्षीदारच. पण तो गेला की चेंडू मुका होतो. म्हणून आम्ही म्हणतो, सही घ्याल तेव्हा दिवस, मैदान, सामना टिपून ठेवा. इतिहास त्या टिपणावर उभा राहतो.