गुणांची ओळख, आत्मसन्मानाचा पाया

मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात विशेष गरजा असलेल्या बालकांचे प्रकरण प्रथम माता-पित्यांच्या मायेने लिहिले. १९४४ साली होरमसजी व जेरबाई वकील या पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेली आपली कन्या दीना हिच्यासाठी शाळा आरंभिली. अशा बालकास घराच्या आतल्या खोलीत ठेवण्याच्या त्या काळात, त्यालाही शिकता येते हा विश्वास या शाळेने रुजविला. शिवडीची जय वकील संस्था ती हीच.

दुसरे उदाहरण श्रीमती मिठू अलूर यांचे. १९६६ साली जन्मलेली त्यांची कन्या मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी होती. बुद्धी तल्लख, परंतु वाणी अस्पष्ट आणि हातपाय स्वाधीन नाहीत. मातेने इंग्लंडमध्ये विशेष शिक्षणाचा अभ्यास केला, १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली व पुढील वर्षी कुलाबा येथे शाळा काढली. मालिनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाली, लंडनमध्ये तिने दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या आणि एका करंगळीने टंकलेखन करून लिहिलेले तिचे आत्मचरित्र २०११ साली प्रसिद्ध झाले. व्याधी गेली नाही. परंतु चिकाटी व ज्ञानाची ओढ यांना वाव मिळाला.

याच विचाराला पुढे शास्त्राची जोड लाभली. २००४ साली ख्रिस्तोफर पीटरसन व मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मनुष्यस्वभावातील २४ गुणांची मांडणी केली. धैर्य, चिकाटी, दया, क्षमा, विनय, आत्मसंयम हे त्यांतील काही. जैन कुटुंबांना यांतील अनेक शब्द पर्युषणापासून परिचित आहेत. पद्धत साधी आहे : गुण दिसताच त्याचे नाव घ्यावे. नुसते "शाबास" म्हटल्याने बालकास काही कळत नाही. "तीनदा चुकलास, तरी सोडले नाहीस, ही तुझी चिकाटी," असे म्हटल्याने त्याला स्वतःची ओळख पटते. अर्थात, कौतुक हे उपचार व विशेष शिक्षणाला पर्याय नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली. अध्ययन अक्षमता व स्वमग्नता त्यांत आहेत. कायद्याने शाळेचे दार उघडते. मुलाला मान मात्र समाजच देतो.

शांती नगरसारख्या वसाहतीत याचा आरंभ पाठशाळेपासून होऊ शकतो. तेथे गाथा मुखोद्गत करणाऱ्यास बक्षीस मिळते. ज्याला पाठांतर साधत नाही, तो दरवर्षी रिकाम्या हाताने घरी जातो. तोच मुलगा कदाचित सर्वांची पादत्राणे नीट ओळीत लावीत असेल, रडणाऱ्या लहानग्यास पाणी देत असेल. एक धागा तुटला म्हणून जाणता व्यापारी संपूर्ण तागा फेकून देत नाही. येत्या वार्षिक समारंभात त्या मुलाचेही नाव, त्याच्या गुणासह, व्यासपीठावरून उच्चारले जावे.