हलगीचा गुरू कोण?

आपल्याकडे संगीतशिक्षणाचा इतिहास सांगताना दोन नावे हमखास घेतली जातात. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतल्या चिजा गोळा करून स्वरलिपीत उतरवल्या, १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. बंद दाराआडची विद्या शाळेत आली. हे काम मोठेच आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु हा इतिहास वर्गात सांगताना एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. तबल्याला गुरू आहे, घराणे आहे, परीक्षा आहे. हलगीचा गुरू कोण?

गावगाड्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन टाकले होते. हलगी ही विद्या नव्हेच, ते जातीचे काम! दवंडी द्यायची, जत्रेत देवापुढे चालायचे, लग्नात नवरदेवाच्या घोड्यापुढे आणि मयताला तिरडीपुढे वाजवायचे. महार-मांगाच्या पोराला ते जन्मतःच येते असे गावाने गृहीत धरले. जे जन्मतःच येते त्याला शिकवणारा कशाला लागतो? आणि शिकवणाराच नसेल तर त्याचे नाव तरी कोण लिहून ठेवणार? ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ठेके घडवले ते अशा रीतीने निनावी ‘वाजंत्री’ राहिले. संगीताच्या इतिहासातून त्यांना कोणी हाकलले नाही, कारण त्यांना आत कधी घेतलेच नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मेलेली ढोरे ओढणे आणि शिळे तुकडे मागणे सोडण्याचा संदेश दिला. १९२८ मध्ये महार वतनाच्या जोखडातून सुटका करणारे विधेयक त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. ही वतने कायद्याने संपायला १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा यावा लागला. पण त्याआधीच हजारो हातांनी गावकीचे काम टाकले होते. माझ्या आजोबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर हलगी खुंटीला अडकवली ती पुन्हा उतरवली नाही. वडिलांना त्यांनी ती शिकवली नाही, शाळेत घातले. आज मी महाविद्यालयात शिकवतो तो त्या निर्णयामुळे. म्हणून ‘लोककला लोप पावत आहे’ असा गळा काढणाऱ्यांना मी विचारतो : तुम्हाला जी कला हवी होती तिची मजुरी काय होती? शिळी भाकरी आणि उंबऱ्याबाहेरची जागा! ती जागा सोडणे हा आमच्या मुक्तीचाच भाग होता.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चळवळीने गुलामीची कामे नाकारली, संगीत नाकारले नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाचा घाट आणि तालवाद्ये त्यांनी घेतली, पण वाजवणारा आता कोणाच्या दारात जोहार घालीत नव्हता. तो आपल्या माणसांपुढे आपली गोष्ट मांडत होता. वाद्याची अप्रतिष्ठा चामड्यात नसते, ते कोणाच्या हुकुमाने वाजते यात असते, हे जलशांनी दाखवून दिले.

हाच धागा धरून काही वर्षांपूर्वी मी हलगी शिकू लागलो. प्रथम शहरातल्या एका शिबिरात गेलो. तेथे ठेके कागदावर छापून दिले होते आणि सगळा भर वेगावर होता. जितका कडकडाट जास्त तितका विद्यार्थी तयार, अशी समजूत! त्यानंतर शेजारच्या गावच्या मातंग वस्तीतल्या एका वृद्ध वादकाकडे जाऊ लागलो. सगळे त्यांना तात्या म्हणतात. बौद्ध घरातला शिकलेला माणूस मातंगाच्या ओसरीवर बसून शिकतो, याचे दोन्ही वस्त्यांत नवल झाले. आपापसातली ही भिंतही गावगाड्यानेच बांधलेली आहे, हे येथे सांगितले पाहिजे.

तात्यांनी पहिले काही आठवडे मला उजव्या हातातले जाड टिपरू उचलूच दिले नाही. डाव्या हातातल्या बारीक काडीचा भरणा आधी. “मास्तर, नुस्ता कडकडाट करू नगा. घुमकं काय म्हनतंय त्ये ऐका,” असे ते म्हणत. लेझमीला वाजवताना दोन ठोक्यांमध्ये जागा सोडावी लागते, नाहीतर लेझमीची खुळखुळ मरते. कुस्तीच्या मैदानात नजर पैलवानांच्या पायांवर ठेवायची. पकड जमत आली की लय चढवायची. मयताला खांदेकऱ्यांच्या पावलांशी चालायचे, त्यांना पळवायचे नाही. बकऱ्याचे कातडे विस्तवावर किती तापवायचे हे बोटाने टिचकी मारून कानाने ठरवायचे. पावसापाण्यात आणि वरातीला तात्या खुशाल फायबरची हलगी घेतात. ती तापवावी लागत नाही. शिकवताना मात्र कातड्याचीच, कारण नाद उतरू लागला की कान तयार होतो.

हा अभ्यासक्रम नव्हे काय? काय आधी, काय नंतर, चूक कोठे आणि का, हे सारे त्यात आहे. फक्त तो छापलेला नाही. तात्यांना सलग तास वाजवता येते म्हणून मी त्यांना गुरू म्हणत नाही. समोरच्याच्या हातात काय अडले आहे हे त्यांना ऐकून कळते, म्हणून म्हणतो. ज्याला ‘जन्मजात’ म्हटले गेले ते वस्तुतः कमावलेले ज्ञान आहे.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. मृदंगाला मोठी सभागृहे मिळाली, पण तो बनवणारे बहुसंख्य कारागीर दलित ख्रिश्चन राहिले आणि त्यांची नावे मागे पडली. टी. एम. कृष्णा यांनी त्यांच्यावर ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा २०२० मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशन समारंभासाठी दिलेली परवानगी मागे घेतली. दुसरीकडे, ज्या वाद्यावरून परयन या जातीचे नाव आले असे मानले जाते, त्या परईचे वादक वेलू आसान यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तमिळमध्ये ‘आसान’ म्हणजे गुरू. हलगी वाजवणाऱ्याच्या नावापुढे मराठीत असा शब्द आपण कधी लावला आहे?

तेव्हा करायचे काय? हयात वादकांची नावे, त्यांनी कोणाकडून घेतले याची परंपरा आणि त्यांचे ठेके आपण नोंदवले पाहिजेत. हलगी शिकवणाऱ्याला पदवी असो वा नसो, मानधन शिक्षकाचेच मिळाले पाहिजे. वर्ग सर्वांना खुला हवा. पाटलाच्या मुलाने शिकावी, आमच्या मुलींनीही शिकावी. आणि त्याच वेळी, जातीमुळे एकाही मुलाला मिरवणुकीपुढे उभे केले जाणार नाही, हे ठामपणे सांगितले पाहिजे. नको म्हणण्याचा हक्क असेल तरच शिकण्याला अर्थ आहे.

माझ्या सहकारी प्राध्यापकांना एवढीच विनंती आहे. स्नेहसंमेलनाला पाहुणे आले की आपण हलगीवाल्यांना बोलावतो, फाटकापासून मंडपापर्यंत वाजवून घेतो आणि मागच्या दाराने चहा पाजून वाटेला लावतो. यंदा त्यांच्यातल्या जाणत्या माणसाला व्यासपीठावर खुर्ची द्या, त्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापा आणि विद्यार्थ्यांपुढे तासभर शिकवू द्या.