उपवास, भूक आणि आहारोपदेश : तुळजापूर परिसराच्या संदर्भात एक विचार

अन्नाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा पीकपाणी, बाजारभाव व सारा यांकडे जाते. अन्न आणि ते खाणारा देह यांच्यातील नाते, म्हणजे खाणाऱ्याच्या मनातील भय, संकोच, अपराधभावना वा तृप्ती, हा विषय वैद्यकाकडे किंवा धर्मशास्त्राकडे सोपविला जातो. परंतु ‘काय खावे’ हे कोण कोणाला, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या भावनेने सांगतो, हा प्रश्न निःसंशय इतिहासाचा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले तुळजापूर आणि त्याभोवतालचा धाराशिव जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. कारण व्रताचा उपवास, दुष्काळाची उपासमार आणि आधुनिक आरोग्यकार्य या तिन्ही गोष्टी येथे एकाच भूमीवर भेटतात.

तुळजाभवानीच्या उपासनेत देहाला महत्त्वाचे स्थान आहे. देवीची मूर्ती चल असून वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविली जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून शारदीय नवरात्रापर्यंतची ती घोरनिद्रा, विजयादशमीनंतर आश्विनी पौर्णिमेपर्यंतची ती श्रमनिद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वीची ती मोहनिद्रा होय. महिषासुराशी झालेल्या युद्धाचा शीण घालविण्यासाठी देवी विसावते, असा श्रमनिद्रेचा अर्थ भाविक लावतात. पराक्रमानंतर विश्रांती हवी, ही जाणीव येथे प्रत्यक्ष दैवताच्या दिनक्रमातच गुंफलेली आहे. शाकंभरीची कथा तर याहून बोलकी आहे. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायानुसार शंभर वर्षांच्या अवर्षणात देवी आपल्या देहातून उपजलेल्या शाकभाज्यांनी लोकांचे पोषण करते. वारंवार दुष्काळ भोगणाऱ्या प्रदेशात पौषातील हे नवरात्र मोठ्या उत्साहाने साजरे व्हावे, यात नवल नाही.

याच उपासनेची दुसरी बाजू म्हणजे कडक उपवास. नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणारे भाविक या भागात घरोघरी आढळतात. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरकडून अनवाणी चालत येणाऱ्यांची रीघ लागते. या व्रतांना धर्मशास्त्राने मर्यादा घातल्या होत्या, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. जल, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही, असे जुने वचन प्रसिद्ध आहे. औषधाचा या यादीतील समावेश अर्थपूर्ण होय. आजारी देहाला व्रतातही सवलत आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

शिवाय, उपवासाचे म्हणून जे पदार्थ आज अनादि मानले जातात, त्यांपैकी अनेक अर्वाचीन आहेत. बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका ही सारी मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांचे आगमन झाल्यानंतरच भारतात रुजली. म्हणजे उपवासाच्या ताटात काळानुसार पालट होत आला आहे. तो पुढेही होऊ शकेल.

वैद्यकग्रंथांचा दृष्टिकोनही येथे लक्षात घेतला पाहिजे. चरकाने विमानस्थानात आहाराचा विचार आठ अंगांनी केला असून त्यांतील शेवटचे अंग ‘उपयोक्ता’, म्हणजे खाणारा स्वतः, हे आहे. एकच अन्न सर्वांना सारखे मानवत नाही, हे त्यामागील तत्त्व. पुढे तो असेही सांगतो की, चिंता, शोक, भय व क्रोध यांनी ग्रासलेल्या मनुष्याने पथ्यकर अन्न प्रमाणात घेतले तरी ते पचत नाही. आहाराचा सल्ला देणाऱ्याने ताटाइतकेच मनाकडे पाहावे, हा विचार या भूमीला परका नव्हता.

याच्या अगदी उलट टोकाची वृत्ती १८७६–७८ च्या दुष्काळात दिसून आली. त्या वेळी तुळजापूर निजामाच्या राज्यात होते. शेजारचे सोलापूर मुंबई इलाख्यात होते. १८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी कष्ट करणाऱ्या देहास हे प्रमाण अपुरे असल्याचे ठामपणे मांडले. मुंबई इलाख्यात मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. तराजूने ठरविलेले पोषण आणि भुकेल्या माणसाचे दुःख यांच्यातील हा संघर्ष आहारविज्ञानाच्या आरंभकाळातील एक महत्त्वाचा धडा होय.

विसाव्या शतकात हे विज्ञान अधिक सूक्ष्म झाले. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५८ च्या सुमारास हैदराबादला आली. दख्खनमधील ज्वारीभोजी गरिबांत आढळणाऱ्या पेलाग्रा या विकाराचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या घटकाशी असावा, असे मत डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. त्या मतावर पुढे वाद झाला. तथापि ज्याच्या ताटात भाकरीवाचून दुसरे फारसे काही पडत नाही, त्याच्या व्याधीचे मूळ केवळ धान्यात नसून दारिद्र्यातही असते, हे या चर्चेतून स्पष्ट झाले. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांनी मराठवाड्यातील पुष्कळांचे प्राण वाचविले. तरीही मिलोची आठवण या भागातील वृद्ध मंडळी आजही काहीशा विषादाने काढतात. पोट भरणे आणि मानाने जेवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हेच त्यातून दिसते.

या पार्श्वभूमीवर पुढील दोन प्रयोगांचे महत्त्व ध्यानात येते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे आरोग्यकार्य आरंभिले. बाहेरून आलेल्या सुशिक्षित परिचारिकांचा सल्ला गावातील स्त्रियांच्या गळी उतरत नाही, असे आढळल्यावर त्यांनी गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिक्षण दिले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. खुद्द तुळजापूर तालुक्यात अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांतून ‘भारतवैद्य’ घडविल्या.

या कार्यकर्त्या शेजारीण वा वहिनी या नात्याने घरात शिरतात. घरातील स्त्री सर्वांच्या मागून आणि उरलेसुरले जेवते, गर्भार सून बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल या भीतीने हात आखडते, बाळंतीण अनेक पदार्थ वर्ज्य मानते; हे त्यांना सांगावे लागत नाही, कारण ते त्यांनी स्वतः भोगलेले असते. म्हणून त्यांच्या उपदेशात दोषारोप कमी व समजूत अधिक असते. सुनेशी बोलण्यापूर्वी सासूशी बोलावे लागते, हे त्या जाणतात. व्रत सोडण्याचा आग्रह न धरता गर्भारपणात धर्मानेच दिलेली सवलत दाखवून देणे, हा मार्ग अशा ठिकाणी निषेधापेक्षा अधिक फलदायी ठरण्याजोगा आहे.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रजननक्षम वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ विद्वत्चर्चेचा नाही. आहाराची कोष्टके आवश्यक आहेतच. पण १८७७ चा अनुभव असे सांगतो की, खाणाऱ्याला वगळून आखलेले कोष्टक कितीही काटेकोर असले तरी अन्यायकारक ठरू शकते. उलट, ज्या परंपरेत दैवतालाही श्रमानंतर निजविले जाते आणि देवी आपल्या देहाच्या भाजीने भुकेल्यांना जगविते, तीत स्वतःच्या देहाविषयी ममत्व बाळगण्यास पुरेसा आधार आहे. तो आधार व्रतस्थ स्त्रीच्या ध्यानात आणून देणे हे आहारोपदेशकाचे, आणि त्याचा साधार शोध घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.