साथीची वार्ता

साथीच्या रोगाशी लढताना औषधाच्याही आधी वार्ता लागते. रोग कोठे उद्भवला व किती जणांस जडला, हे ज्याच्या हाती उपाय आहे त्यास वेळेवर कळले, तरच त्या उपायाचा उपयोग. महाराष्ट्राने हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी फार मोठे मोल देऊन घेतला.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग्यांस तपासून हा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान केले. पुढे 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि घरझडती सुरू झाली. रोगी आढळताच त्यास इस्पितळात व घरच्यांस वेगळ्या छावणीत नेत. परिणाम विपरीत झाला. लोक रोगी घरातच दडवू लागले, मृत्यू लपवू लागले. पुण्यात गोऱ्या शिपायांच्या झडत्यांनी असंतोष विकोपास गेला, आणि 22 जून 1897 च्या रात्री प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. ज्या जुलमाने वार्ता मिळवावयाची, त्याच जुलमाने ती बुजली.

स्वतंत्र भारताने देवीच्या रोगाविरुद्ध निराळा मार्ग धरला. आरोग्यसेवक घरोघर फिरून रोग्यांचा शोध घेत, आणि रोग्याची खबर देणारास बक्षीस मिळे. 1975 मध्ये या रोगाचा देशातून उच्छेद झाला. तेव्हा आजसारखी संगणकीय व्यवस्था नव्हती. परंतु खबर देण्यात भय नव्हते, हेच त्या यशाचे एक मर्म होय.

पुढे 1994 मध्ये बीड जिल्ह्यात व सुरतेत प्लेगची वार्ता उठली, हजारो लोक सुरत सोडून गेले, आणि देशाच्या रोगनोंदीतील उणिवा उघड झाल्या. नोव्हेंबर 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र त्याच्या पहिल्याच टप्प्यात होता. आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर अनुमानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून आपापला तक्ता भरी. तो आठवड्यातून एकदा वर जाई. 5 एप्रिल 2021 पासून देशभर नवी संगणकीय व्यवस्था आली. तीत 33 रोगांची नोंद होते, आणि कामाच्या जागेवरूनच माहिती तत्काळ जिल्ह्यास व राज्यास दिसू शकते.

या व्यवस्थेचे बळ व मर्यादा पाहण्यास पनवेलजवळील रोडपालीसारखे ठिकाण घ्यावे. कळंबोलीस लागून असलेले हे गाव सिडकोच्या वसाहतींनी वेढले गेले आणि 2016 पासून पनवेल महानगरपालिकेत आले. गावठाणात शेजाऱ्याचा ताप शेजाऱ्यास कळतो. उंच इमारतीत तो बंद दाराआड राहतो. शहरातील रोगी बहुधा खासगी दवाखान्यात जातो. तेथील डॉक्टरने नोंद केली नाही, तर डेंग्यूचे दहा रोगी एकाच गल्लीत असूनही ते सरकारी पडद्यावर उमटत नाहीत.

यंत्राने वार्तेचा प्रवास आठवड्याचा क्षणावर आणला, हे मोठे कार्य झाले. तथापि त्या प्रवासाचे पहिले पाऊल आजही माणसाचेच आहे. रोग्याने मोकळेपणाने सांगावे, डॉक्टरने ते टिपावे, आणि सांगणारास आपली विटंबना होणार नाही असा भरवसा असावा. 1897 साली नेमका हाच भरवसा नव्हता.