भंडारा जिल्ह्यातील मत्स्यसंवर्धन

भंडारा जिल्ह्यातील मत्स्यसंवर्धन : वैनगंगा नदी व तिच्या खोऱ्यातील तलाव यांत माशांची पैदास, जोपासना व देशी जातींचे रक्षण यांसाठी झालेले प्रयत्न. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही प्रदेश एकाच जिल्ह्यात होते. त्यामुळे तोपर्यंतचा त्यांचा इतिहास समाईक आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील बहुतेक तलाव धानाच्या सिंचनासाठी बांधलेले असून त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलावाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. मोठ्या तलावाखेरीज शेताच्या वरच्या अंगाला ‘बोडी’ हा लहान जलाशय असे. पाळ व पाटाची देखभाल गावकरी मालगुजाराच्या देखरेखीखाली करीत. मासे व शिंगाडे यांवर धीवर समाजाचा चरितार्थ चाले. मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. ही जमीन-सुधारणा न्याय्यच होती. तथापि पाळीची डागडुजी यापुढे कोणी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर तीतून मिळाले नाही. पुढे तलावांची व्यवस्था पाटबंधारे खाते व जिल्हा परिषद यांच्यात विभागली गेली. मासेमारी धीवरांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने आली, परंतु पाण्यावर व तलावाच्या बुडावर त्यांचा अधिकार नव्हता.

शासकीय मत्स्यविज्ञानापुढे प्रथम उभा राहिलेला प्रश्न बीजाचा होता. रोहू, कटला व मृगळ हे मासे पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात; तलावाच्या संथ पाण्यात ते वाढतात, पण सहसा वितात असे नाही. त्यामुळे नद्यांतून गोळा केलेले बीज बंगालमधून आगगाडीने दूरदूरच्या प्रांतांत न्यावे लागे व वाटेत त्यातील पुष्कळसे मरे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी ही अडचण दूर केली. प्रौढ माशाच्या पोष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन घडवून आणले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेचे हे कार्य देशभर पसरले. त्यानंतर मत्स्यबीज ठिकठिकाणी तयार होऊ लागले आणि तलावात बोटुकली सोडणे हे मत्स्यव्यवसाय खात्याचे मुख्य काम बनले. याच सुमारास परदेशी जातीही देशात आल्या. सायप्रिनस हा त्यापूर्वीच आलेला होता. गवत्या व चंदेरी हे मासे १९५९ मध्ये आणले गेले.

उत्पादन वाढविणे हा या कार्यक्रमाचा उघड हेतू होता आणि तो पुष्कळ अंशी सफलही झाला. मात्र यश मोजण्याचे माप दर हेक्टरी वजन हे असल्यामुळे मरळ, मागूर, शिंगी, वांब अशा देशी माशांना हिशेबात फारसे स्थान राहिले नाही. शिकारी जातींची गणना तर नको असलेल्या माशांत होई. वस्तुतः मागूर व शिंगी हे हवेतील प्राणवायू घेऊ शकतात, त्यामुळे उन्हाळ्यात आटत चाललेल्या तलावातही ते तग धरतात. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो आणि सायप्रिनस तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो. ज्या पाणवनस्पतींच्या आश्रयाने अनेक देशी मासे अंडी घालतात, त्याच अशा रीतीने नाहीशा होतात. काठावर फोफावलेल्या बेशरम या मूळच्या दक्षिण अमेरिकन झुडपाने उथळ जागाही व्यापल्या. कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशी वितो, हे ज्ञान वृद्ध धीवरांना होते. ते शासकीय अहवालांत क्वचितच नोंदले गेले.

नदीची परिस्थिती निराळी आहे. दारू उडवून वा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच मनाई केली होती, परंतु पुढील काळातील संकटे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरची ठरली. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते कोनशिला बसविलेल्या धरणाने वैनगंगेतील माशांचा प्रवाहाच्या वरच्या दिशेचा मार्ग तोडला. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच पाण्यात येते. साठलेल्या पाण्यात सांडपाण्यातील पोषकद्रव्ये जलपर्णीस पोषक ठरतात. जलपर्णीच्या दाट थराखाली प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात.

तलावांच्या बाबतीत नवी दिशा एकविसाव्या शतकात स्थानिक अभ्यासकांकडून मिळाली. मनीष राजनकर व भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी धीवरांचे ज्ञान नोंदवून तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. त्याचा मुख्य भर गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरावर होता. त्यात प्रथम बेशरम मुळासकट काढली जाते. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बुडाचा काही भाग नांगरून मऊ करतात व पाऊस पडल्यावर तेथे पाणवनस्पती लावतात. या कामात धीवर संस्थांबरोबर स्त्रियांचाही मोठा वाटा आहे. नंतर देशी मासे सोडण्यात येतात. लावलेल्या वनस्पती टिकाव्यात म्हणून गवत्या मासा मात्र टाळतात.