पतंग आणि फुलपाखरू : एका सीमारेषेचा इतिहास

१८९६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर एक लेखमाला सुरू झाली. लेखक तिघे. त्या जिल्ह्याचे कलेक्टर राहिलेले जेम्स डेव्हिडसन, जंगलखात्यातले टी. आर. बेल आणि मीठ व जकात खात्यातले ई. एच. एटकिन. त्या जिल्ह्यातले कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिघांच्या कचेऱ्या वेगळ्या, पण छंद एकच. त्या काळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे जाळीने पकडायचे, टाचणीला टोचायचे, पंख पसरून वाळवायचे आणि पेटीत लावायचे. हे तिघे तेही करत. पण त्यांचा खरा जीव सुरवंटांत होता. कोणत्या झाडाच्या कोणत्या पानामागे अंडे घातले आहे, त्यातून निघालेली अळी काय खाते, कात टाकताना तिचा रंग कसा बदलतो, कोष कुठे टांगते, हे त्यांनी सुरवंट घरी वाढवून नोंदवले. डेव्हिडसन आणि एटकिन यांचे मुंबई इलाख्यातल्या सुरवंटांवरचे आणि कोषांवरचे टिपण तर त्याआधीच, १८९० मध्ये, छापून आले होते.

आज घरच्या बागेत काहीतरी फडफडत येऊन बसले की ते फुलपाखरू की पतंग, हे ओळखायचे ठोकताळे बहुतेकांना माहीत असतात. फुलपाखरू दिवसा उडते, रंगीत असते, पंख मिटून बसते. पतंग रात्री दिव्यावर येतो, मळकट असतो, पंख पसरून बसतो. हे ठोकताळे पुष्कळदा लागू पडतात आणि पुष्कळदा फसवतात. का फसवतात, हे कळायचे तर ही वाटणी कुणी, कशावरून आणि कशासाठी केली, तिथपर्यंत मागे जावे लागते.

ही वाटणी शास्त्राच्या वहीत पक्की केली ती स्वीडनच्या कार्ल लिनियसने. १७५८ साली निघालेल्या ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत त्याने खवलेपंखी कीटकांचे तीन गट केले. फुलपाखरे ‘पॅपिलिओ’त, मोठे वेगवान पतंग ‘स्फिंक्स’मध्ये आणि उरलेले सगळे पतंग ‘फॅलिना’त. आधार होता तो मुख्यतः शृंगिकांचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशांचा. टोकाला गाठ असलेली मिशी असेल तर फुलपाखरू. मधे जाड आणि दोन्हीकडे निमुळती असेल तर स्फिंक्स. बुडापासून टोकापर्यंत बारीक होत गेलेली असेल तर फॅलिना. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासकांनी या तिघांचे दोनच केले: गदेसारख्या मिशांची फुलपाखरे आणि इतर नाना तऱ्हांच्या मिशांचे पतंग. यातला दुसरा गट नीट पाहावा. फुलपाखरांना स्वतःची एक खूण मिळाली. पतंगांच्या वाट्याला ‘बाकीचे सगळे’ एवढेच आले. त्या ‘बाकीच्या’ ढिगाऱ्यात आजच्या मोजणीप्रमाणे जगभरातल्या सुमारे एक लाख साठ हजार जाती आहेत आणि फुलपाखरे साधारण अठरा हजार.

मिशीच का? कारण टाचणीला टोचलेल्या मेलेल्या किड्यातही ती तपासता येते. तो दिवसा उडत होता की रात्री, कसा बसत होता, कोणत्या झाडावर वाढला, हे पेटीतल्या वाळलेल्या नमुन्यावरून कळत नाही. दुसरी एक खूणही अशीच, मेलेल्या नमुन्यात तपासता येण्यासारखी. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाच्या बुडाशी एक ताठ केस असतो. तो पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकतो आणि उडताना दोन्ही पंख एकत्र हलतात. फुलपाखरांत हा केस नसतो. अपवाद एकच, ऑस्ट्रेलियातल्या ‘रीजंट स्किपर’ या फुलपाखराचा नर.

लिनियसच्या आधी ऐंशी वर्षे एका चित्रकर्तीने अगदी वेगळी वाट धरली होती. मारिया सिबिला मेरियनने १६७९ मध्ये जर्मनीत सुरवंटांवरचे पुस्तक काढले. तिच्या चित्रात झाड आहे, त्या झाडावर अंडी, अळी, कोष आणि शेवटी पंख फुटलेला कीटक आहे, सगळे एकाच पानावर. पतंग आणि फुलपाखरे तिथे शेजारी शेजारी नांदतात, कारण तिची मांडणी ठरली ती कोण काय खाऊन वाढते यावरून. कारवारच्या त्या तिघांचे नाते लिनियसपेक्षा या बाईशी अधिक जवळचे वाटते.

हिंदुस्थानात ग्रंथ तयार झाले ते मात्र लिनियसच्या वाटेने. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यात एटकिन होते आणि पतंगांचे मोठे संग्राहक कर्नल चार्ल्स स्विन्हो होते. दोन भारतीयही होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. स्विन्होंनी ई. सी. कोट्स यांच्याबरोबर हिंदुस्थानातल्या पतंगांची सूची १८८७ ते १८८९ या काळात प्रसिद्ध केली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील सरकारी ग्रंथमालेत जॉर्ज हॅम्पसन यांचे पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ मध्ये आले आणि सी. टी. बिंगहॅम यांचे फुलपाखरांवरचे दोन खंड १९०५ आणि १९०७ मध्ये. पतंगांचे खंड आधी निघाले, हे आवर्जून सांगायला हवे. कारण पुढे घराघरांत, शाळांत आणि छायाचित्रांत फुलपाखरेच पोचली आणि पतंग मागे राहिले.

एटकिन यांचा जन्म १८५१ मधला, साताऱ्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते लॅटिन शिकवत. नंतर मीठखात्याच्या नोकरीने त्यांना उरण, रत्नागिरी, गोव्याची हद्द, कारवार असे किनाऱ्याने फिरवले. ‘ई.एच.ए.’ या आद्याक्षरांनी त्यांनी १८८३ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्याचा विषय बंगल्याच्या भिंतीवरचे, छपरातले आणि बागेतले जीव हाच आहे. त्यात फुलपाखरांना दोन प्रकरणे आहेत. घरच्या कुंपणाच्या आत पाहण्यासारखे इतके आहे, हे इतक्या मनापासून सांगणारे ते या भागातले आरंभीचे लेखक. १९०३ मध्ये त्यांनी कॉम्बर यांच्याबरोबर कोकणातल्या फुलपाखरांची यादीही केली.

या लोकांची पद्धत आजच्या बागेत लावून पाहावी. त्यासाठी कण्हेरीचे एक झाड पुरते. कोकणात, देशावर, शहरातल्या सोसायटीच्या कुंपणाला, कण्हेर सगळीकडे आहे. तिचा चीक विषारी, म्हणून गुरे तोंड लावत नाहीत. पण दोन सुरवंट तिच्यावर मजेत वाढतात. एक तपकिरी, अंगावर पांढरे-काळे पट्टे आणि पाठीवर काळ्या, लांब, मऊ धाग्यांच्या चार जोड्या. दुसरा जाडजूड हिरवा, शेपटाकडे एक आखूड शिंग आणि डोक्याच्या मागे पांढऱ्या-निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. त्याला डिवचले की तो पुढचा भाग आत ओढतो आणि ते ठिपके एकदम मोठे दिसतात. हा हिरवा सुरवंट तगरीवरही सापडतो. तो दिसण्याआधी त्याची लेंडी दिसते: झाडाखालच्या फरशीवर मिऱ्याएवढ्या, खाचा असलेल्या काळपट गोळ्या. त्या दिसल्या की नेमके वर पाहावे.

पहिला सुरवंट पानाखाली उलटा टांगून घेतो आणि त्याचा कोष सोन्या-चांदीसारखा लखलखतो, त्यात पाहणाऱ्याचे प्रतिबिंब उमटावे इतका. त्यातून ‘कॉमन क्रो’ नावाचे काळसर तपकिरी फुलपाखरू बाहेर पडते. दुसऱ्याचा हिरवा रंग वाढ पूर्ण झाल्यावर काळवंडतो, तो झाडावरून खाली उतरतो आणि पाचोळ्यात किंवा मातीत शिरून तिथे कोषात जातो. त्यातून येतो तो ‘ऑलिअँडर हॉक मॉथ’, हिरव्या आणि गुलाबी लाटांचे पंख असलेला पतंग. पतंग मळकट असतो असे म्हणणाऱ्याने हा एकदा जवळून पाहावा.

ठोकताळे मोडणारे आणखीही बागेतच भेटतात. अनंताच्या झाडाभोवती भर दुपारी एक गुबगुबीत कीटक भुंग्यासारखा गुणगुणत, हवेत एका जागी थांबून मध पितो. त्याचे पंख काचेसारखे पारदर्शक असतात. तो पतंग आहे. कोषातून निघतो तेव्हा त्याच्याही पंखांवर खवले असतात, ते पहिल्याच उड्डाणात झडून जातात. त्याची मादी अनंताच्याच पानांवर अंडी घालते. उलट, संध्याकाळी दिवेलागणीला घरात शिरणारे, वाळक्या पानाच्या रंगाचे ‘इव्हनिंग ब्राऊन’ हे फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या भातावर आणि गवतावर वाढतात. नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी हळदीची पाने काढायला गेलेल्यांना एखादे पान कडेने गुंडाळून रेशमाने शिवलेले सापडते. आत एक फिकट हिरवी अळी असते. ती ‘ग्रास डेमन’ या फुलपाखराची. या स्किपर गटातल्या फुलपाखरांचे अंग जाड, डोके मोठे, उडणे झटक्यांचे आणि मिशीच्या टोकाला गाठीपुढे आकडा. पतंग म्हणून त्यांना सोडून देणारे पुष्कळ असतात.

बेल यांचे आयुष्य याच सुरवंटांमागे गेले. आयर्लंडमध्ये १८६३ साली जन्मलेला हा माणूस जंगलखात्यातून १९२० मध्ये निवृत्त झाला आणि मायदेशी न जाता कारवारलाच राहिला. १९०९ पासून १९२७ पर्यंत मैदानी मुलखातल्या सामान्य फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला सोसायटीच्या नियतकालिकात चालू होती. मग १९३७ मध्ये, मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह, त्यांचा हॉक मॉथ पतंगांवरचा ग्रंथ सरकारी मालेत निघाला. फुलपाखरांकडून पतंगांकडे जाताना बेल यांना हातातले काम बदलावे लागले नाही. तेच जंगल, तीच झाडे, तेच सुरवंट वाढवणे. १९४८ मध्ये कारवारातच त्यांचे निधन झाले. मराठी वाचकाला या माणसाचे नाव सहसा माहीत नसते, आणि ते माहीत असायला हवे.

पतंगांची ओळख सर्वसामान्यांना झाली ती बहुतेक नुकसानीतून. कपाशीतली बोंडअळी, लष्करी अळी, साठवणीच्या धान्यातली अळी, या सगळ्या पतंगांच्याच. शेतकरी कामगंध सापळे लावतो ते नर पतंगांना धरण्यासाठी. पण लिंबू, संत्री, कढीपत्ता यांची कोवळी पाने फस्त करणारी अळी फुलपाखराची असते, हे नागपूरकडच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. आणि भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागात ऐनाच्या झाडावर वाढणारा टसरचा कोसा पतंगाचाच आहे. ढिवर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे पतंग जपले, पाखरांपासून त्यांच्या अळ्या राखल्या, आणि त्या कोशांवर विणकरांची घरे चालली. उपद्रवी पतंग आणि निरुपद्रवी फुलपाखरू ही समजूत विदर्भात तरी टिकत नाही.

अलीकडे ही सीमारेषा शास्त्रातच पुसट झाली आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत काही फिकट, निशाचर कीटक आहेत. त्यांच्या मिशीला गाठ नाही, म्हणून त्यांना पतंगांत धरले जाई. १९८६ मध्ये त्यांना फुलपाखरांच्या जवळचे ठरवण्यात आले आणि आता ते फुलपाखरांतच मोजले जातात. २०२३ मध्ये जवळपास २,३०० जातींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार फुलपाखरे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडात, दिवसा उडू लागलेल्या पतंगांपासून निघाली. म्हणजे फुलपाखरे ही पतंगांच्या मोठ्या कुळातली एक शाखा आहे. फुलपाखरांचा वेगळा गट करता येतो. पतंगांचा, फुलपाखरे वगळून, खरा गट करता येत नाही.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला; असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात. कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचे पुस्तक २००० मध्ये आणि आयझॅक किहिमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरचे पुस्तक २००८ मध्ये आले, त्यानंतर हौशी निरीक्षकांची मोठी फळी तयार झाली. पतंगांकडे वळणारे अजून थोडे आहेत. दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह होतो, तेव्हा आपल्याकडे पावसाळा भरात असतो आणि दिव्याखाली पांढरी चादर टांगली की रात्रीत कितीतरी जाती येऊन बसतात.

बागेत ओळख पटवायची झाली तर मिशीपासूनच सुरुवात करावी. लिनियसची ती खूण अजूनही सगळ्यांत भरवशाची आहे. पण तिथे थांबू नये. फोटो काढला, तारीख लिहिली, की त्याबरोबर तो कीटक कोणत्या झाडावर होता हेही लिहावे, आणि सुरवंट सापडला तर औषध फवारण्याआधी तो एका भांड्यात, त्याच झाडाची ताजी पाने रोज घालत, पंख फुटेपर्यंत सांभाळावा. आपल्याकडच्या पतंगांपैकी फार थोड्यांचे खाद्यवृक्ष आज पक्के माहीत आहेत. ती उणीव भरून काढायला कलेक्टर किंवा जंगलखात्यातला साहेब असावे लागत नाही. कुंडीतली तगर आणि नियमाने लिहिलेली वही पुरते.